विवाहातील वाजंत्री, गोंधळ आणि गाणेबजावणे : विसार केव्हा द्यावा?

महाराष्ट्रातील बहुतेक घरांत विवाहाची तयारी एका ठरलेल्या क्रमाने होते. पसंती झाली आणि याद्या झाल्या, म्हणजे कोणता खर्च कोणत्या पक्षाने करायचा हे दोन्हीकडील वडीलधाऱ्यांनी लिहून काढले, की मुहूर्त पाहिला जातो. मुहूर्तामागून मंगल कार्यालय धरले जाते, त्यामागून केटरर, छायाचित्रकार, बस्ता आणि दागिने यांची व्यवस्था लागते. आणि वाजंत्री, बँड, हळदीच्या रात्रीचे गाणे, संगीताचा कार्यक्रम, लग्नानंतरचे जागरण किंवा गोंधळ यांची आठवण लग्नपत्रिका छापखान्यात जाण्याच्या सुमारास होते. हा क्रम व्यवहाराला धरून नाही. मोठा केटरर एकाच दिवशी तीन कार्ये उरकू शकतो, बस्ता एका दुकानात न मिळाला तर दुसऱ्या दुकानात मिळतो. परंतु सनई वाजवणारा वादक एका मुहूर्ताला एकाच मांडवात बसू शकतो आणि त्याच्या तोडीचा दुसरा वादक त्या तालुक्यात असेलच असे नाही. म्हणून ज्या सेवेचा आधार एखाद्या माणसाचे कौशल्य हा आहे, ती सेवा आधी ठरवावी आणि जिचा आधार यंत्रसामग्री हा आहे, ती मागाहून ठरवली तरी चालते, हे या विषयातील मूळ तत्त्व होय. ‘सहा महिने आधी’ किंवा ‘तीन महिने आधी’ असा एकच आकडा सर्व प्रकारांना लावणे त्यामुळेच चुकीचे ठरते.

मागणी कोठे एकवटते हे समजण्यासाठी प्रथम पंचांगाकडे पाहावे लागते. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतच्या चार महिन्यांना चातुर्मास म्हणतात आणि या काळात परंपरेने विवाह होत नाहीत. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून तुळशीची लग्ने लागतात आणि ती आटोपली की माणसांच्या लग्नांचा हंगाम उघडतो. मार्गशीर्षात मुहूर्त असतात, पण साधारणतः १६ डिसेंबर ते १४ जानेवारी या काळात सूर्य धनू राशीत असतो, त्या धनुर्मासात आणि पौष महिन्यात अनेक घरे कार्य करीत नाहीत. पुढे माघ, फाल्गुन, वैशाख आणि ज्येष्ठ हे महिने प्रशस्त मानले जातात, मात्र त्यांतही गुरू किंवा शुक्र यांचा अस्त असेल, म्हणजे तो ग्रह सूर्याच्या इतका जवळ असेल की डोळ्यांना दिसेनासा होईल, तर ते दिवस गळतात. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांतून असे करीत करीत मोजकेच मुहूर्त हाती उरतात, आणि त्यांतले जे रविवारी किंवा सुट्टीला लागून येतात त्यांच्यावर अख्ख्या जिल्ह्याची नजर असते. अक्षय तृतीयेसारख्या साडेतीन मुहूर्तांपैकी एका दिवशी तर पंचांग न पाहणारी घरेही कार्य काढतात. अलीकडे काही पंचांगे चातुर्मासातही गौणकालातील मुहूर्त देतात. त्या तारखा स्वीकारण्यास कुटुंबाची हरकत नसेल, तर कलावंत सहज मिळतात आणि बिदागीतही सवलत मागता येते.

अधिक मासाचा हिशेब याच्याही वर असतो. सुमारे बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी येणारा हा वाढीव चांद्रमास विवाहाला वर्ज्य मानला जातो, परंतु तो कोणत्या महिन्याला जोडून येतो यावर त्याचा परिणाम अवलंबून असतो. २०२३ साली श्रावण अधिक होता. तो मुळातच चातुर्मासात पडल्यामुळे लग्नसराईला त्याचा फारसा धक्का लागला नाही. २०२६ साली मात्र ज्येष्ठ अधिक असून तो १७ मे ते १५ जून या काळात येतो, म्हणजे शाळांच्या सुट्ट्या, परगावच्या नातेवाइकांचे येणे आणि पावसाळ्यापूर्वीचे मोकळे मैदान या तिन्ही सोयी ज्या चार आठवड्यांत एकत्र येतात, नेमके तेच हातचे जातात. अशा वर्षी मे अखेरीची गर्दी एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात सरकते. ज्यांचे कार्य त्या पंधरवड्यात असेल, त्यांना इतर वर्षी पुरेशी ठरणारी मुदत अपुरी पडते आणि प्रत्येक प्रकारात आणखी दोन-तीन महिने आधी हालचाल करावी लागते. ‘कालनिर्णय’सारखी दिनदर्शिका किंवा नवे पंचांग घरात आल्यावर विवाहेच्छू कुटुंबाने मुहूर्तांच्या पानाबरोबर अधिक मासाची नोंदही पाहावी, हे म्हणूनच अगत्याचे आहे.

लग्नसराई हा कलावंतांच्या वर्षातील एकमेव हंगाम नसतो, ही गोष्ट यजमान सहसा लक्षात घेत नाहीत. पश्चिम महाराष्ट्रात चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा भरतात आणि हलगी, संबळ, बँड, ऑर्केस्ट्रा यांना तेथूनही बोलावणे असते. तमाशाच्या फडांसाठी जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे फडमालकांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास जत्रा कमिट्यांचे पुढारी तेथे येऊन सुपाऱ्या देतात; सुपारी देणे म्हणजे कार्यक्रम पक्का करून आगाऊ रक्कम हाती ठेवणे. एका वादकाने जत्रेची सुपारी घेतली की त्या दिवसापुरता तो विवाहासाठी संपला. शास्त्रीय आणि भावसंगीताच्या बाबतीत डिसेंबर हा महिना अवघड असतो, कारण पुण्यातील सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवापासून लहानमोठ्या शहरांतील मैफलींपर्यंत सर्वांचा काळ तोच असतो. गायक मोकळा मिळाला तरी तबला आणि हार्मोनियमची चांगली साथ मिळत नाही. निवडणुकीच्या वर्षी प्रचारफेऱ्यांसाठी ढोल, हलगी आणि ध्वनियंत्रणा मोठ्या प्रमाणात उचलली जाते, ही आणखी एक बाब.

गोव्यातील ख्रिस्ती विवाहांना पंचांग नसले तरी चर्चचे वर्ष असते. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आणि नाताळपूर्वीच्या आगमनकाळात विवाहाचा जल्लोष टाळला जातो, त्यामुळे ईस्टरनंतरचे आठवडे आणि नाताळ ते जानेवारी हा काळ गजबजतो. पाहुण्यांना नाचवणारा लाइव्ह बँड आणि समारंभ पुढे नेणारा सूत्रधार, ज्याला तेथे एमसी म्हणतात, हे दोघे गोव्यातील विवाह-स्वागताचे प्राण आहेत. आणि हेच बँड वर्षअखेरीच्या नृत्यांना, तसेच उपवासकाळाच्या तोंडावर येणाऱ्या कार्निव्हलला हवे असतात. नाताळच्या आठवड्यात कार्य असेल तर वर्षभर आधी बँड ठरवणे ही तेथे अतिशयोक्ती नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी वधूवरांना नारळाचा रस लावण्याचा जो विधी होतो, त्या रोसच्या संध्याकाळसाठी गाणारी मंडळी वेगळी हवी असल्यास त्यांना त्याच वेळी विचारावे.

आता एकेका प्रकाराकडे वळता येईल. सर्वांत आधी, किंबहुना मुहूर्त पक्का करण्यापूर्वीच, ज्यांना विचारायला हवे ते कलावंत म्हणजे ज्यांच्यावाचून विधीच होत नाही असे लोक. ठाणे-रायगड भागातील आगरी समाजात विवाहविधी धवळे गाणाऱ्या स्त्रीच्या गाण्यानुसार चालतात. तिला धवलारीण म्हणतात, आणि पालघर-डहाणूकडील वारली समाजात भिंतीवर लग्नाचा चौक लिहिला जातो तेव्हा गाणारी धवलेरी हीच लग्न लावते. या स्त्रियांकडे मौखिक परंपरेने आलेले गीतांचे भांडार असते, ते नव्या पिढीत फार थोड्या जणी शिकतात, आणि एका पाड्यावर दोन लग्ने एकाच दिवशी निघाली तर दुसरी धवलेरी शोधत फिरावे लागते. येथे मनोरंजन हा शब्दही अपुरा आहे. त्यांची सोय पाहून तारीख ठरवणे हे कमीपणाचे नव्हे, उलट त्या परंपरेला दिलेला तो योग्य मान आहे.

जागरण आणि गोंधळ यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. खंडोबा ज्यांचे कुलदैवत आहे त्या घरांत विवाहानंतर वाघ्या-मुरळींचे जागरण घातले जाते, आणि भवानी किंवा रेणुका जेथे कुलदेवी आहे तेथे गोंधळी संबळ, तुणतुणे आणि झांजेच्या साथीने देवीचा गोंधळ घालतात. कुटुंबांचे गोंधळी बहुधा पिढ्यान्‌पिढ्यांचे असतात, त्यामुळे निरोप पाठवला की ते येतीलच असे गृहीत धरले जाते. तथापि एका मोठ्या मुहूर्तानंतरच्या दोन-तीन रात्रींत त्याच गोंधळ्याला पाच-सात घरांची बोलावणी असतात. शिवाय खंडोबाला रविवार आणि देवीला मंगळवार-शुक्रवार हे वार इष्ट मानले जात असल्यामुळे निवडीला वाव आणखी कमी राहतो. मुहूर्त पक्का झाला त्याच आठवड्यात घरच्या गोंधळ्याला तारीख कळवावी, आणि त्याला ती जमत नसेल तर त्यानेच सुचवलेला दुसरा संच घ्यावा. परका संच परस्पर ठरवल्यास जुन्या संबंधाला उगाच तडा जातो.

सनई-चौघडा हा कार्यालयाच्या दारात वाजणारा संच दोन सनया, सूर धरणारा साथीदार आणि चौघडा म्हणजे लहानमोठ्या नगाऱ्यांच्या जोड्या मिळून होतो. सीमांतपूजनापासून मंगलाष्टकांपर्यंत प्रहराला साजेसे राग वाजवणारा कसलेला सनईवादक आज मोजक्याच शहरांत मिळतो, आणि ध्वनिमुद्रित सनईची सवय झाल्यामुळे यजमानाला या दोहोंतील फरक मुहूर्ताच्या दिवशीच कळतो. हंगामातील रविवारच्या मुहूर्तासाठी सहा महिने आणि आडवारच्या मुहूर्तासाठी तीन महिने आधी सनईवादकाशी बोलणे करावे. बोलताना संचात किती माणसे येणार, वादन किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि गोरज मुहूर्त असेल, म्हणजे सूर्यास्ताच्या सुमारास लग्न लागणार असेल, तर मधल्या काळात मंडळींच्या विश्रांतीची व्यवस्था कोठे, हे विचारून घ्यावे.

बँडच्या बाबतीत केवळ तारीख मिळणे पुरेसे नसते. मोठ्या बँडांतील बरेचसे वादक हंगामापुरते बाहेरगावाहून येतात आणि एकच मालक एका दिवशी दोन किंवा तीन वरातींचे काम घेऊन आपला ताफा विभागतो. त्यात ज्याचा विसार आधी त्याच्या वाट्याला मुख्य मास्तर आणि अनुभवी वादक, आणि ज्याचा विसार शेवटी त्याच्या वाट्याला गणवेश घातलेली नवखी मुले, असा अनुभव सर्रास येतो. म्हणून चार ते सहा महिने आधी ठरवतानाच क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवर कोण असणार, एकूण वादक किती, गायकाची गाडी सोबत आहे की नाही, आणि त्या दिवशी मालकाकडे दुसरी वरात आहे काय, हे स्पष्ट विचारावे. शक्य असल्यास आधीच्या हंगामातील एखाद्या वरातीत तो बँड प्रत्यक्ष ऐकावा. म्हणजे पुढच्या वैशाखातील लग्नासाठी बँड या वैशाखात ऐकणे हाच उत्तम मार्ग होय; मोबाइलवरील चित्रफितीवरून वादनाची पारख होत नाही.

ढोल-ताशा पथकांविषयी एक गैरसमज आढळतो. पुण्यातील आणि इतर शहरांतील बहुसंख्य पथके गणेशोत्सवासाठी उभी राहिलेली स्वयंसेवकांची मंडळे आहेत. त्यांचे वादक विद्यार्थी किंवा नोकरदार असतात, सराव गणपतीच्या आधीचे काही आठवडे चालतो, आणि विवाहाची कामे घ्यायची की नाहीत हे प्रत्येक पथक आपल्यापुरते ठरवते. अशा पथकाला बुधवारच्या दुपारच्या मुहूर्तावर चाळीस वादक आणता येत नाहीत, हे मान्य करूनच बोलणी करावीत, किंवा मग व्यावसायिक नाशिक ढोल संच पाहावा. मुंबई, ठाणे आणि रायगडकडील बेंजो पार्टी, कोकणातील खालू बाजा आणि कोल्हापूरकडील हलगीचा ताफा हे बहुधा त्याच गावच्या किंवा शेजारगावच्या माणसांचे असल्याने दोन-तीन महिन्यांची मुदत त्यांना पुरते. आगरी-कोळी घरांतील हळदीची रात्र मात्र याला अपवाद ठरते, कारण तेथे हळद हाच मोठा सोहळा असतो आणि नावाजलेल्या बेंजोला किंवा गायकाला त्या रात्रीसाठी आठ-आठ महिने आधी धरून ठेवले जाते.

नावाजलेला गायक, भावगीतांची मैफल, ऑर्केस्ट्रा किंवा शाहिरी संच हवा असल्यास आठ महिन्यांपासून वर्षभरापर्यंतची मुदत धरावी. येथे एक विवेक बाळगणे आवश्यक आहे. जेवणाच्या पंगती चालू असताना, पाहुणे आहेर घेऊन रांगेत उभे असताना मैफल ठेवू नये; श्रोत्यांची पाठ आणि ताटांचा आवाज यांच्यासमोर गाणे हे कलावंताला अपमानकारक वाटते आणि यजमानाचा पैसाही वाया जातो. मैफलच हवी असेल तर आदल्या संध्याकाळचा स्वतंत्र दीड तास राखून ठेवावा. निवेदक, म्हणजे समारंभाचे सूत्रसंचालन करणारी व्यक्ती, आणि मंगलाष्टके चालीवर म्हणणारे गायक यांना तीन-चार महिने आधी सांगितलेले पुरते, परंतु त्यांना दोन्ही घरांची नावे, नाती आणि विधींचा क्रम पंधरा दिवस आधी लिहून द्यावा लागतो.

‘संगीत’ हा उत्तरेकडून आलेला आणि आता मराठी घरांत रुळलेला कार्यक्रम आहे. त्यात घरचीच माणसे नाचतात, त्यामुळे खरा प्रश्न कलावंत मिळण्याचा नसून सरावाचा असतो. नृत्यदिग्दर्शक तीन महिने आधी ठरवून सहा आठवडे आठवड्याला दोन तालमी घेता येतील असे पाहावे. नवरामुलगा पुण्यात, नवरीमुलगी बंगळुरात आणि मामेभावंडे परदेशात अशी स्थिती असेल तर गाणी आणि हालचाली त्याहून आधी ठरवून प्रत्येकाला चित्रफीत पाठवावी लागते. परदेशस्थ कुटुंबे नाताळच्या सुट्टीत कार्य काढतात, तेव्हा एकीकडे धनुर्मासामुळे मुहूर्त कमी असतात आणि दुसरीकडे मोठ्या हॉटेलांतील वर्षअखेरीच्या कार्यक्रमांमुळे डीजे आणि ध्वनियंत्रणा अडकलेल्या असतात. अशा कुटुंबांनी तिकिटे काढण्यापूर्वी कलावंतांच्या तारखा विचाराव्यात.

डीजे, प्रकाशयोजना, एलईडी पडदा आणि ध्वनिक्षेपक हा यंत्रसामग्रीचा भाग होय. त्याला दोन महिने पुरतात, गर्दीच्या मुहूर्ताला तीन. घाई केल्याने येथे लाभ होत नाही, कारण जागा, पाहुण्यांची संख्या आणि कार्यक्रमाचा वेळ निश्चित झाल्याशिवाय किती यंत्रणा लागेल हे सांगताच येत नाही.

विसार देण्यापूर्वी ज्या गोष्टीची खातरजमा अवश्य करावी ती म्हणजे जागेचा आणि वेळेचा कायदा. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० सालापासून लागू आहेत आणि त्यांनुसार ध्वनिक्षेपक लावण्यासाठी लेखी परवानगी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकच नव्हे, तर आवाज निर्माण करणारे कोणतेही साधन किंवा वाद्य उघड्यावर वाजवता येत नाही; सभागृह किंवा बँक्वेट हॉल यांसारख्या बंद जागेत, आतल्या माणसांपुरता आवाज ठेवून, ते चालते. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, तर रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्या भोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर राज्य सरकारने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केला असल्यास तेथे ती मर्यादा दिवसा ५० व रात्री ४० अशी आणखी खाली येते. राज्य सरकार वर्षातून पंधरापेक्षा अधिक नाही इतके दिवस रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकते, पण ती सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी असते. एखाद्या घरच्या लग्नाला ती आपोआप मिळत नाही.

याचा वेळापत्रकावर थेट परिणाम होतो. सायंकाळी सातला स्वागत समारंभ ठेवून साडेनऊला ऑर्केस्ट्रा सुरू करण्याचे ठरवले, तर लॉनवर त्या ऑर्केस्ट्राला कायद्याने अर्धाच तास मिळतो आणि पैसे मात्र पूर्ण तीन तासांचे मोजावे लागतात. रात्रभर चालणारा गोंधळ वस्तीत घालायचा असेल तर तो घरात किंवा बंद सभागृहात, ध्वनिक्षेपकावाचून घालावा, आणि संबळाचा आवाज बाहेर कितपत जाईल याचा अंदाज गोंधळ्यालाच विचारावा. कार्यालयाच्या शेजारी दवाखाना किंवा शाळा आहे काय हे कार्यालय धरतानाच पाहावे. वरातीचा मार्ग आणि वेळ स्थानिक पोलीस ठाण्याला किमान दोन आठवडे आधी कळवून परवानगी घ्यावी. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत कायद्याच्या पलीकडे जाऊन स्वतःहूनच आवाज आवरता घ्यावा, कारण शेजारच्या घरातील मुलाचे वर्ष हे एका वरातीपेक्षा मोलाचे आहे.

गाण्यांच्या हक्कांचा प्रश्नही हल्ली हॉटेलांत उपस्थित होतो. १९५७च्या प्रताधिकार कायद्यातील कलम ५२(१)(झेडए) प्रमाणे खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात संगीताचे सादरीकरण केल्यास हक्कभंग होत नाही, आणि त्या कलमाच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व विवाहाशी निगडित इतर सामाजिक सोहळे यांचा समावेश आहे. केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाने जुलै २०२३ मध्ये हीच बाब जाहीर सूचनेद्वारे पुन्हा सांगितली. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलेले यासंबंधीचे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले, तरी कायद्यातील कलम जागच्या जागी आहे. विवाहाशी निगडित सोहळा कोठे संपतो आणि निव्वळ मनोरंजनाचा कार्यक्रम कोठे सुरू होतो, यावर वाद होऊ शकतो. म्हणून हॉटेलने परवानाशुल्क मागितल्यास ते कोणत्या कार्यक्रमासाठी आणि कोणत्या संस्थेसाठी, हे लेखी विचारून विसार देण्यापूर्वीच निकाली काढावे.

विसार म्हणजे करार पक्का झाल्याची खूण म्हणून दिलेली आगाऊ रक्कम. ती किती असावी याचा नियम नाही; एकूण बिदागीच्या चौथ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत मागणी होते आणि चौथा हिस्सा हा दोन्ही बाजूंना न्याय्य वाटतो. पावतीवर तारीख, मुहूर्ताची वेळ, पत्ता, वादकांची संख्या, प्रमुख कलावंताचे नाव, प्रवास व जेवणाची जबाबदारी आणि उरलेली रक्कम केव्हा द्यायची हे नमूद असावे. सांगितलेल्या रकमेत वस्तू व सेवा कर धरला आहे काय, हेही विचारावे. संगीत, नृत्य किंवा नाट्य यांतील लोककला वा शास्त्रीय कलाप्रकार सादर करणाऱ्या कलावंताच्या एका प्रयोगाची बिदागी दीड लाख रुपयांपर्यंत असेल तर तिला या करातून सूट आहे, पण कार्यक्रम व्यवस्थापन करणाऱ्या कंपनीच्या शुल्काला तो कर लागतो, आणि हा फरक अंदाजपत्रकात लक्षणीय ठरतो.

कार्य रद्द झाले किंवा पुढे गेले तर काय, हे कलम मराठी कुटुंबे अशुभ समजून लिहीत नाहीत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि पुढे विवाहाला पन्नास माणसांची मर्यादा लागली, तेव्हा या संकोचाचे परिणाम यजमान आणि कलावंत दोघांनाही भोगावे लागले. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या ७४व्या कलमानुसार करारभंगाबद्दल वाजवी भरपाईच मागता येते, आणि करारात लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. तरीही न्यायालयापर्यंत जाण्यापेक्षा ठरवतानाच मुदतींचे टप्पे लिहिणे शहाणपणाचे आहे. तीन महिने आधी रद्द केल्यास विसाराचा मोठा भाग परत, एक महिन्याच्या आत रद्द केल्यास तो कलावंताचा, आणि घरात सुतक आल्यास त्याच विसारावर पुढची तारीख, अशी मांडणी बहुतेक कलावंतांना मान्य होते. एका मुहूर्ताला दुसरे काम नाकारलेल्या वादकाचा तो दिवस परत येत नाही, हे यजमानाने ध्यानात घ्यावे.

फार लवकर विसार देण्यातही धोका आहे. कार्यालय हाती नसताना बँडला रक्कम दिली आणि मागाहून कार्यालयासाठी मुहूर्त बदलला, तर ती रक्कम अडकते. या अडचणीवर जुना आणि चांगला उपाय म्हणजे तोंडी धरून ठेवणे : दोन-तीन संभाव्य मुहूर्त सांगून कलावंताला आठ-दहा दिवस थांबायला सांगायचे, त्या दिवसांत कार्यालय पक्के करायचे आणि मग उरलेल्या तारखा मोकळ्या झाल्याचे त्याला स्वतः फोन करून कळवायचे. हा शेवटचा फोन पुष्कळ घरे करीत नाहीत. त्यामुळे कलावंत तोंडी शब्दावर विश्वास ठेवीनासे झाले आहेत आणि पुढच्या यजमानाला पहिल्याच भेटीत विसार मोजावा लागतो.

ज्या घरी तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरायचा आहे, त्यांनी चातुर्मास सुरू होण्यापूर्वीच सनईवादकाला आणि बँडच्या मालकाला विसार पोहोचवावा. ज्यांचे कार्य वैशाखात आहे, त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत ही बोलणी उरकावीत आणि घरच्या गोंधळ्याला त्याच वेळी निरोप धाडावा. आणि कार्य पार पडल्यावर उरलेली बिदागी वादकांनी वाद्ये आवरण्यापूर्वी, त्यांना पंगतीत बसवून जेवू घालून, त्यांच्या हाती द्यावी.